कौशल्यांची भिशी

गळक्या नळाखाली एक पातेलं ठेवा आणि घड्याळ लावून तासभर थांबा. जमलेलं पाणी मापाने मोजा आणि त्याला २४ ने गुणा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाकाठी २० लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणजे रोज एक भरलेली बादली. आमच्या ४८ घरांच्या सोसायटीत असे नळ किती, हे एका रविवारी आम्ही घरोघर फिरून मोजलं, तर अकरा निघाले.

मोजता मोजता दुसराच शोध लागला. नळाचा वायसर बदलता येणारी तीन माणसं याच आवारात होती. एक निवृत्त फिटर काका, दुसरे रात्रपाळीचे वॉचमन आणि तिसरी बारावीतली एक मुलगी, जी सुट्टीत गावाकडे आजोबांच्या हाताखाली हे शिकली होती. आम्ही मात्र बारा वर्षं प्लंबरला फोन करत होतो. तो ‘उद्या येतो’ म्हणत होता आणि तोवर नळाखाली बादली लावून आम्ही स्वतःला पाणी वाचवणारे समजत होतो.

तेव्हापासून गेली तीन वर्षं आमच्याकडे एक भिशी चालते. पैशांची नाही, हातातल्या कामाची. महिन्याला एक घर आणि एक काम. ज्याला ते येतं त्याने दाखवायचं, बाकीच्यांनी तिथेच करून बघायचं. तुमच्या वाड्यात, चाळीत, गल्लीत किंवा सोसायटीत असं काही सुरू करायचं मनात असेल, तर आमचे खाचखळगे तुमच्या उपयोगी पडतील म्हणून हे लिहिते आहे.

मुळात ही कल्पना नवी नाही. गावाकडे इर्जिक असायची. एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं, दिवसभरात नांगरट उरकायची आणि ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. कोकणात सावड, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात भातखाचरं काढायला पडकई. तिथे कुणी कुणाला व्याख्यान देत नसे. शेजारच्याचा हात बघून पोरं शिकत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणित शिकवणारे गृहस्थ. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तोही याच धाटणीचा: आपल्या शेतात प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि ती दुसऱ्या शेतकऱ्याला कळवायची. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागायतदारांनी अशा देवाणघेवाणीतून किती कमावलं हे जुन्या बागायतदारांना विचारा. शहरात आल्यावर आपण इर्जिक विसरलो, भिशी तेवढी धरून ठेवली. मग भिशीच्याच सांगाड्यात इर्जिक बसवायला काय हरकत आहे?

पहिली अडचण यादीची. ‘तुम्हाला काय येतं?’ असं विचारत आम्ही कागद फिरवला. अर्ध्या लोकांनी ‘काही विशेष नाही’ लिहिलं, उरलेल्यांनी गाणं आणि केक लिहिला. मराठी माणसाला, त्यातून बाईमाणसाला, ‘मला हे येतं’ असं लिहायचा संकोच असतो. दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलला. ‘गेल्या वर्षभरात घरातली कोणती वस्तू टाकून न देता तुम्ही पुन्हा चालती केलीत?’ आता घरं बोलायला लागली. कुणी फाटक्या छत्रीच्या कापडाची पिशवी शिवली होती, कुणी कुकरची रिंग उलटी घालून चार महिने काढले होते (हे शिकवण्याजोगं नाही, रिंग बदला!). चौथ्या मजल्यावरच्या आजी रिठे आणि शिकेकाई उकळून रेशमी साड्या धुतात, हे त्यांच्या सुनेलाही तेव्हाच कळलं. तुम्हीही हाच प्रश्न विचारा, आणि तो तोंडी विचारा. शिवाय फ्लॅटमालकांपुरता ठेवू नका. वॉचमन, माळी, झाडूवाले, कामाला येणाऱ्या मावशी यांना विचारलं नाही, तर निम्मी विद्या फाटकाबाहेरच राहते.

बैठकीचे नियम आम्ही फार केले नाहीत, पण जे केले ते मोडत नाही. एका वेळी आठच माणसं. नववा आला तर तो बघ्या होतो, आणि बघ्याला काही येत नाही. वेळ दीड तास. शिकवणाऱ्याने काम अर्धंच करून दाखवायचं, उरलेलं अर्धं शिकणाऱ्याने. प्रत्येकाने आपली स्वतःची बिघडलेली वस्तू आणायची, कारण दुसऱ्याच्या मिक्सरकडे माणूस पाहुण्यासारखा बघतो. आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं मागच्या महिन्यात काय फसलं ते सांगण्यासाठी. हा शेवटचा नियम सगळ्यात मोलाचा. ज्याचं जमलं तो मिरवतो, ज्याचं फसलं तो गप्प बसतो, आणि पुढचे सातजण तीच चूक करतात.

फसण्याची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली. फिटर काकांनी न्हाणीघरातला नळ खोलायला घेतला. आधी मेन कॉक बंद करायचा, हे त्यांनी तीनदा बजावलं होतं. कॉक बंद केला, नळाची स्पिंडल सैल झाली आणि पाण्याचा फवारा थेट छताला. कॉक वर्षानुवर्षं कुणी फिरवलाच नव्हता, तो आत गंजून अर्ध्यावर अडकला होता. गच्चीवर पळत जाऊन टाकीचाच कॉक बंद करावा लागला, तोवर वरच्या तीन मजल्यांवर आरडाओरडा झाला होता. त्या दिवशीचा खरा धडा वायसरचा नव्हताच. महिन्यातून एकदा घरातला मेन कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, म्हणजे ऐन वेळी तो दगा देत नाही. तुम्हीही पहिली बैठक नळाचीच घ्या, पण आदल्या दिवशी कॉक फिरवून बघा. वायसर जुना सोबत नेऊनच दुकानातून आणा, अंदाजाने आणलेला हमखास वेगळ्या मापाचा निघतो. आट्यांवर टेफलॉन टेप आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर फिरवताना ती सुटत जाते.

दुसरा विषय कचऱ्याचा घ्या, कारण त्याला सामान लागत नाही आणि टाळता येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरच्या वरच्या वसाहतींवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पुण्यासारख्या महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देतात. तरी पुष्कळ सोसायट्यांत यंत्र आणून झाकून ठेवलेलं दिसतं. यंत्र चालवायला वीज आणि माणूस लागतो. भोकं पाडलेल्या बादलीला दोन्ही लागत नाहीत.

आमच्याकडे कंपोस्ट शिकवलं ते माळीकाकांनी. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर चार बोटं सुका पाला. मग रोज एक वाटी ओला कचरा टाकला की वर दोन वाट्या सुका पाला. विरजण म्हणून मूठभर तयार खत, ते नसेल तर आंबट ताकाचं पाणी शिंपडायचं. आठवड्यातून दोनदा वरखाली करायचं. एवढंच. लोक चुकतात ते पाल्यात. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर आणि सुक्या पाल्यात कर्ब. कर्ब कमी पडला की बादली सडते, वास येतो आणि घरातली माणसं बादलीसकट प्रयोग बाहेर काढतात. माळीकाकांची परीक्षा सोपी आहे. बादलीतलं मूठभर घेऊन दाबायचं. बोटांतून पाणी गळलं तर पाला घाला. लाडू वळला आणि तळहात नुसता ओलसर झाला तर ठीक. भुगा होऊन सांडला तर पाणी शिंपडा.

तिसऱ्या आठवड्यात बादलीत करड्या, जाड अळ्या दिसल्या आणि आमच्या गटातल्या दोघींनी बादली थेट खाली नेऊन ठेवली. माळीकाका हसले. त्या कचरा खाणाऱ्या माशीच्या अळ्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट खत लवकर करतात. फार झाल्या तर पाला वाढवायचा आणि झाकण नीट लावायचं. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण बादलीत हात घालून अळी तळहातावर घेणारा माणूस समोर असला की भीती निम्मी होते. ४५ ते ६० दिवसांत खत होतं. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला की झालं, चाळून घ्या.

सुका पाला आणायचा कुठून, हा फ्लॅटवाल्यांचा खरा प्रश्न. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला तो जळत असतो आणि जूनमध्ये मागायला गेलं तर मिळत नाही. पुण्यातला ‘ब्राउन लीफ’ हा गट नेमकं हेच करतो: ज्याच्याकडे पाला जास्त आहे त्याची आणि ज्याला हवा आहे त्याची गाठ घालून देतो. आम्ही पाणगळीत २० गोणी भरून जिन्याखाली रचतो. अध्यक्षांना ते दृश्य आवडत नाही. वर्षभर पुरतं मात्र.

गोधडीच्या बैठकीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एक मावशी मराठवाड्यातल्या. त्यांच्या हातची गोधडी कुणीतरी पाहिली आणि त्यांना विचारलं. त्या आधी नाहीच म्हणाल्या. “तुम्हाला काय शिकवायचं ताई, ते काय शिकायचं काम आहे का!” शेवटी आल्या, पण खुर्चीवर बसेनात. मग आम्हीच सगळ्या सतरंजीवर बसलो, गोधडीला तसंही जमिनीवरच बसावं लागतं. प्रत्येकीने चार जुन्या सुती साड्या आणल्या होत्या. मावशींनी एकेक साडी चुरगाळून बघितली आणि मिश्र धाग्याच्या तीन बाजूला फेकल्या. “ह्यात सुई जात न्हाई आन् अंगाला गोडबी लागत न्हाई.” साड्या एकावर एक ताणून अंथरल्या, कोपऱ्यांवर पिठाचे डबे ठेवले. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के केले. मग कडेने धावदोरा सुरू करून फेऱ्या घेत आत आत यायचं. मधून सुरुवात केली की कापड कडेला सरकतं आणि झोळ येतो. आम्ही शहरी उत्साहाने दोरा खेचत होतो. “लई वढू नका, कापड गोळा व्हतं. दोरा निजला पाहिजे,” असं त्या म्हणाल्या. दोरा निजला पाहिजे! टाका कसा असावा हे यापेक्षा नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एका बैठकीत गोधडी होत नाही. थंडीतले चार रविवार लागले आणि तरी माझी अजून अर्धी आहे. पण बोहारणीकडे जाणाऱ्या साड्यांचं काय करायचं हे आठ घरांना कळलं.

पैशांवरून वाद झाला तो इथेच. मावशींना आम्ही बाहेरच्या शिक्षिकेला दिलं असतं तेवढं मानधन दिलं. एका गृहस्थांनी विचारलं, “आपण सगळे फुकट शिकवतो, मग यांनाच का?” प्रश्न गैर नव्हता. उत्तर असं की आपला रविवार सुट्टीचा असतो, त्यांची त्या सकाळी दोन घरची कामं बुडतात. ज्याचा वेळ म्हणजेच मजुरी आहे त्याला मजुरी द्यायची, बाकीच्यांनी चहावर शिकवायचं. हा नियम सुरुवातीलाच ठरवून टाका. आणि कामावर असताना ‘जरा दाखवून जा’ असं सांगू नका. तो वेगळा रविवार, वेगळं आमंत्रण.

याच अंगाने आणखी एक. आपण दुरुस्ती शिकतो तेव्हा कुणाचं पोट मारत नाही ना, हे बघायला हवं. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरला, लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणून एकत्र बसून दुरुस्त केल्या आणि ती कल्पना जगभर गेली. छान आहे. पण आपल्याकडे कल्हईवाला, धारवाला, छत्रीवाला, गाद्या पिंजणारा हे सगळे दारावर येत होते आणि काही गावांत अजून येतात. त्यांना भिशीत बोलवा. आमच्याकडे धारवाला एका सकाळी येतो तेव्हा ३० सुऱ्या आणि चार विळ्या एकदम निघतात. त्याची दिवसाची कमाई होते आणि धार कशी टिकवायची हे तो फुकट सांगून जातो.

संत्र्या-मोसंबीच्या साली आंबवून करायच्या बायोएन्झाइमचं, म्हणजे सफाईच्या पाण्याचं, वेड सध्या सगळीकडे आहे, आमच्याकडेही आहे. प्रमाण १:३:१०, म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, एक लिटर पाणी. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, वर जागा मोकळी ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या आणि तीन महिन्यांनी गाळा. मी शहाणपणा करून काचेच्या बरणीत घातलं आणि लग्नाला गावी गेले. परत आले तेव्हा ओट्याखालची बरणी फुटून साली भिंतीवर चिकटल्या होत्या. त्यामुळे प्लास्टिक, आणि रोज झाकण. हे पाणी आंबट असतं, म्हणून संगमरवर, शहाबादी आणि कडप्पा यांवर वापरू नका. हे चुन्याचे दगड आहेत, चकाकी जाते. आणि ब्लीचमध्ये तर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. साध्या टाइलच्या फरशीला आणि बेसिनला उत्तम. याने सगळे रोगजंतू मरतात वगैरे जे सांगितलं जातं, त्यावर मी तरी विसंबणार नाही.

बियाण्यांची बैठक आम्ही संक्रांतीला जोडली. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी कागदी पुडीत घरचं बी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० च्या यादीत पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. आपल्याला तेवढी बँक करायची नाही, चार कुंड्यांपुरतं शिकायचंय. सुरुवात टोमॅटो आणि वालापासून करा. ही झाडं बहुधा आपल्याच परागावर फळतात, त्यामुळे बी मूळच्या वाणाला धरून उगवतं. दुधी, भोपळा, काकडी यांच्यात शेजारच्या वेलाचा पराग येतो आणि पुढच्या वर्षी भलतंच फळ लागतं. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन सावलीत वाळवा. राख किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. पुडीवर वाण आणि तारीख लिहा. दुकानातल्या संकरित फळाचं बी धरू नका, ते उगवतं पण गुण टिकत नाहीत.

काही विषयांना आम्ही सरळ नाही म्हटलं. गॅसची शेगडी आणि घरातलं वायरिंग यांना हात लावायचा नाही. मिक्सर चालतो, पण प्लग काढून. त्यातही बंद पडलेल्यांपैकी पुष्कळांच्या तळाचं लाल बटण दाबलं की ते सुरू होतात, उरलेल्यांत बहुतेकदा कपलर तुटलेला असतो. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्याच्या आत जीव घेण्याइतका विजेचा साठा राहतो. आणि रानभाज्या फोटो बघून शिकवायच्या नाहीत. टाकळा, कुर्डू, कर्टुली ओळखणारी बाई बरोबर असेल तरच, आणि नाल्याकाठचं काहीही तोडायचं नाही.

बाकी व्यवस्था थोडक्यात सांगते. अवजारांची एक पेटी सगळ्यांच्या मालकीची ठेवा. पक्कड, दोन मापांचे पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, टेप, मोठ्या नाक्याच्या सुया. प्रत्येक घरात वर्षातून एकदा लागणारी वस्तू ४८ वेळा विकत घ्यायची गरज नसते. पेटीला वही बांधा, नेणाऱ्याने नाव लिहायचं. आमचा एक पान्हा वहीत न लिहिता गेला तो सात महिन्यांनी परत आला. व्हॉट्सॲप गट फक्त तारीख-वेळ कळवण्यापुरता ठेवा. आम्ही सुरुवातीला मोकळा ठेवला होता. दोन आठवड्यांत तिथे पर्यावरणावरचे व्हिडिओ येऊ लागले, ते पाठवणाऱ्यांपैकी बैठकीला कुणीच येत नव्हतं.

महिने ऋतूप्रमाणे लावा. पाणगळीत पाला आणि कंपोस्ट. मे महिन्यात गच्ची झाडून पागोळीचं पाणी टाकीत कसं न्यायचं ते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा हिशेब मुलांकडून करून घ्या, मोठी माणसं ओशाळतात. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं. जूनला बी आणि रोपं, दिवाळीनंतर गोधडी. घरदुरुस्तीला महिना कुठलाही चालतो.

पहिल्या बैठकीला फार माणसांची वाट बघू नका. आमच्याकडे पाच आली होती, त्यातले दोघे नळ ज्यांचा होता त्यांच्याच घरचे. आमचा पान्हा आता दोन नंबरच्या जिन्याखालच्या पेटीत असतो. तुमच्या आवारातला कुणाच्या माळ्यावर पडला आहे, ते आजच विचारून ठेवा.